सकाळी लांब सेल्फ मागणारी जुनी डिझेल गाडी: पंप उतरवण्याआधी घरी काय तपासावे

परभणी जिल्ह्यातील सेलूहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी २००७ सालची टाटा इंडिका डिझेल आहे, टर्बो नसलेली. पंधरा वर्षे झाल्यावर २०२२ मध्ये तिच्या नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले आहे. दिवाळीनंतर सकाळी गाडी सुरू करताना पंधरा-वीस सेकंद सेल्फ मारावा लागतो. सुरू झाल्यावर अर्धा मिनिट इंजिन थरथरते आणि डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर टाकते. त्यानंतर मात्र दिवसभर किल्ली फिरवताच सुरू होते. पूर्वी लिटरला अठराच्या आसपास मिळणारे अ‍ॅव्हरेज चौदावर आले आहे. गेल्या उन्हाळ्यात इंजिन तापत होते म्हणून एका कारागिराने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला, तेव्हापासून तापमानाचा काटा फारसा वर येत नाही. आता गॅरेजमध्ये डिझेलचा पंप आणि डिझेल फवारणारे नोझल उतरवून कॅलिब्रेशन (डिझेलचे माप तपासून जुळवणे) करण्याचा सल्ला मिळाला आहे. हा खर्च करावा का, आणि घरी पाना हातात घेऊन यातले काय काय तपासता येईल, असे प्रश्नकर्त्याने विचारले आहे.

माझे उत्तर आधीच सांगतो: पंपाला इतक्यात हात लावू नका. तुम्ही सांगितलेली सगळी लक्षणे एकाच रोगाची आहेत असे धरून चालल्यामुळे संशय सर्वांत महाग भागावर गेला आहे. माझ्या मते येथे तीन वेगवेगळे आणि स्वस्त दोष एकत्र आले आहेत: रात्री डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते आहे, सुरू करताना इंजिनाला आतून उष्णता देणारे एक-दोन हीटर प्लग गेले आहेत आणि थर्मोस्टॅट नसल्यामुळे इंजिन त्याच्या कामाच्या तापमानापर्यंत पोहोचतच नाही. पंपावर संशय न घेण्याचे कारणही सांगितले पाहिजे. या गाडीवर असलेला रोटरी पंप आतून झिजला की त्याचा त्रास बहुधा गरम इंजिन सुरू करताना होतो, कारण तापलेले डिझेल पातळ होऊन झिजलेल्या फटींतून निसटते आणि सेल्फच्या मंद गतीला नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. तुमची गाडी गरम असताना पटकन सुरू होते आणि थंड असताना रुसते, म्हणजे लक्षण नेमके उलट आहे.

डिझेल इंजिनाला सुरू होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: पुरेशा वेगाने फिरणे, सिलिंडरमध्ये पुरेशी उष्णता आणि योग्य क्षणी मिळणारे डिझेल. ठिणगी नसते, हवा दाबली गेल्यामुळे जी उष्णता निर्माण होते तिच्यावरच डिझेल पेटते. तुमच्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर न फवारता हेडमधील छोट्या पूर्वकक्षात फवारले जाते. त्या कक्षाच्या थंड भिंती दाबलेल्या हवेची बरीच उष्णता शोषून घेतात, म्हणून या इंजिनात हवा साधारण २२ पट दाबावी लागते आणि तरीही थंडीत हीटर प्लगांची मदत घ्यावी लागते. डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी नंतरची इंजिने आपल्याकडच्या हवेत हीटर प्लगांविनाही बहुधा सुरू होतात, तुमचे इंजिन मात्र सहसा होत नाही.

पहिली तपासणी फुकट आहे. सकाळी एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहावे. सेल्फ फिरत असताना धूर अजिबात दिसत नसेल, तर सिलिंडरमध्ये डिझेल पोहोचतच नाही. पांढरा धूर दिसत असेल, तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही, म्हणजे उष्णता किंवा फिरण्याचा वेग कमी पडतो आहे. तुमच्या बाबतीत पहिले काही सेकंद धूर नसावा आणि नंतर पांढरा धूर सुरू होत असावा असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर पहिला भाग हवेचा आणि दुसरा भाग हीटर प्लगांचा. धूर अजिबात नसेल तर किल्ली ‘ऑन’ करताना पंपावरील स्टॉप सोलेनॉइड (किल्ली बंद केली की डिझेल थांबवणारी विजेची झडप) ‘टक’ असा वाजतो का ते आधी ऐका. त्याची सैल झालेली तार हेही अनेकदा कारण निघते.

आता हवेविषयी जरा सविस्तर. या पंपाच्या पोटातच एक छोटा पंप असतो आणि तोच टाकीतून डिझेल ओढतो. त्यामुळे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन ओढीखाली असते. अशा लाइनला बारीक चीर असेल तर चालत्या इंजिनात तेथून डिझेल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणूनच ‘कुठे गळत तर नाही’ एवढे पाहून समाधान मानणे चुकीचे ठरते. रात्री गाडी उभी राहिली की त्याच चिरेतून हवा आत येते, नळीतील डिझेल हळूहळू टाकीकडे परतते आणि सकाळी पंपाला आधी ती रिकामी नळी भरावी लागते. सेल्फचा सारा वेळ त्यात जातो.

याची खात्री करण्याची पद्धत सोपी आहे. डिझेल फिल्टरजवळ लाइन भरण्यासाठी हाताने दाबायचा प्रायमर असतो. सकाळी किल्लीला हात लावण्याआधी तो दाबून पाहा. लाइन भरलेली असेल तर दोन-तीन दाबांतच तो अंगठ्याला घट्ट लागतो. पहिले दहा-पंधरा दाब पोकळ गेले, आतून बुडबुड्यांचा खळखळाट ऐकू आला आणि मग प्रायमर घट्ट झाला, तर रात्री हवा शिरली होती हे नक्की. त्यानंतर हीटरचा दिवा विझल्यावर सेल्फ मारा. गाडी नेहमीपेक्षा लवकर सुरू झाली, तर निम्मे निदान त्याच क्षणी झाले आणि त्यासाठी एक रुपयाही लागला नाही.

हवा कुठून येते हे शोधण्यासाठी फिल्टर आणि पंप यांच्या मधली काळी रबरी नळी काढून तिच्या जागी त्याच मापाची, डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी तात्पुरती बसवा. प्रायमरने लाइन भरा, गाडी चालू करा आणि नळीत पाहत राहा. सुरुवातीचा एखादा मोठा फुगा निघून गेला तर चिंता नको. पण बारीक बुडबुड्यांची माळ सतत चालू राहिली तर फिल्टर किंवा त्याच्या मागची लाइन हवा घेते आहे. तेथून एकेक सांधा मागे जात तपासावा: फिल्टरचे रबरी रिंग, पाणी काढण्याचा खालचा स्क्रू, बंजो बोल्टचे (ज्याच्या पोकळीतून डिझेल जाते त्या बोल्टचे) तांब्याचे वॉशर, प्रायमरचा स्वतःचा पडदा, टाकीजवळचे नळीचे जोड. चालत्या गाडीत बुडबुडे नसतील आणि तरीही सकाळी नळी रिकामी दिसत असेल, तर संशय रिटर्नच्या, म्हणजे उरलेले डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या बाजूवर घ्यावा. नोझलवरून जाणाऱ्या, कापडी विणीच्या त्या बारीक रबरी नळ्या पंधरा वर्षांत कडक होतात आणि टोकाला फाटतात. त्या नळ्या मीटरवर मिळतात, फार स्वस्त असतात आणि बदलायला पक्कडीशिवाय काही लागत नाही. मी तर अशा वयाच्या गाडीत त्या न तपासताच बदलाव्यात असे म्हणेन. गाडी शेतातल्या गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीशेजारी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेली नळी हीदेखील आपल्या भागातली नेहमीची गोष्ट आहे.

पंपाच्या सीलविषयी एक वेगळा मुद्दा आहे. तुमची गाडी बनली तेव्हा देशाच्या बहुतेक भागांत मिळणाऱ्या डिझेलमध्ये आजच्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त गंधक असे. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ प्रतीचे डिझेल मिळते आणि त्यात गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग इतकी खाली आणलेली आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचे इतर घटकही बदलतात, आणि जुन्या रबरी सीलांचा फुगवटा कमी होऊन ती आकसण्याची शक्यता असते. पंपाच्या दांड्याभोवती किंवा वरच्या झाकणाखाली ओल दिसत असेल तर तेथूनही हवा आत जाऊ शकते. मात्र वंगण कमी पडून पंप जळेल या भीतीने टाकीत इंजिन ऑइल ओतण्याची जी पद्धत पडली आहे ती अनावश्यक आहे, कारण वंगणक्षमतेची अट नव्या डिझेलच्या मानकातही घातलेली आहे. पंपाला खरा धोका रॉकेलच्या भेसळीचा आणि पाण्याचा असतो, कारण या पंपाच्या आतील भागांना डिझेलशिवाय दुसरे वंगणच नाही.

ट्रॅक्टरसाठी आणलेले कॅनमधले डिझेल गाडीत टाकत असाल तर पाण्याचा मुद्दा अधिक गंभीर होतो. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून निघणारे द्रव्य काचेच्या बाटलीत घ्या आणि अर्धा तास स्थिर ठेवा. पाणी असेल तर ते तळाशी वेगळे थर धरून दिसते. पावसाळ्यात हे दर महिन्याला करावे, एरवी प्रत्येक ऑइल बदलण्याच्या वेळी.

हीटर प्लगांबाबत आपल्या हवामानामुळे एक गंमत होते. मराठवाड्यात वर्षातले आठ-नऊ महिने रात्रही इतकी उबदार असते की चारपैकी दोन प्लग जळालेले असले तरी गाडी थोड्या कुरकुरीने सुरू होते आणि मालकाला पत्ता लागत नाही. मग दिवाळी होते, परभणीकडे पारा एक आकडी होतो आणि ‘अचानक’ गाडी बिघडते. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा उजळतो आणि विझतो म्हणजे प्लग चांगले आहेत, हा समज खरा नाही. तो दिवा फक्त टायमर चालल्याचे सांगतो.

तपासणीसाठी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, चारही प्लगांना जोडणारी धातूची पट्टी सोडवा आणि मल्टिमीटरने प्रत्येक प्लगचे टोक व इंजिनाचा धातू यांमधला रोध मोजा. चांगला प्लग थंड असताना साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो. स्वस्त मल्टिमीटरच्या तारांचाच रोध जवळजवळ तेवढा असतो, म्हणून आधी दोन्ही टोके एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करावा. मीटर काहीच दाखवत नसेल तर तो प्लग जळालेला आहे. चारही चांगले निघाले तर पट्टी आणि बॅटरीची तार पुन्हा जोडून किल्ली ऑन करा आणि पट्टीवर बॅटरीइतका व्होल्टेज येतो का ते पाहा. येत नसेल तर रिले, फ्यूज किंवा तार. प्लग काढताना घाई करू नये. इंजिन कोमट असताना, आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल आट्यांत सोडून, लांब गोटी पान्याने थोडे पुढे-थोडे मागे करत तो काढावा. अडकलेला प्लग जोर लावून तोडला तर हेड उतरवण्याची वेळ येते, आणि मग वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च होतो. खरे तर एक गेला की चारही एकदम बदलणे शहाणपणाचे असते, कारण बाकीच्यांचे वयही तेवढेच झालेले असते.

याच संदर्भात दोन सवयी कटाक्षाने टाळाव्यात. पहिली, हवेच्या पाइपात ईथरचा स्प्रे मारण्याची किंवा पेटता बोळा धरण्याची. हीटर प्लग लाल असताना ईथर आत गेला तर तो पिस्टन वर येण्याआधीच पेटतो. पिस्टन, रिंग किंवा कनेक्टिंग रॉड जायबंदी होऊ शकतो. दुसरी, गाडी ढकलून किंवा ट्रॅक्टरने ओढून सुरू करण्याची. या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. थंड, जड इंजिनाला अचानक झटका बसून जुन्या बेल्टचा दात उडाला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

बॅटरी आणि अर्थिंग यांची तपासणी लवकर उरकते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.५ ते १२.६ व्होल्ट असावेत, आणि सेल्फ फिरत असताना ते साडेनऊच्या खाली जाऊ नयेत. सेल्फ जड फिरतो पण बॅटरी चांगली असेल, तर मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजलेली आहे. ती घासून स्वच्छ करणे किंवा बदलणे हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्याऐवजी अनेक ठिकाणी नवी बॅटरी विकली जाते.

आता अ‍ॅव्हरेजकडे वळू. थर्मोस्टॅट काढून टाकणे ही आपल्या भागातली जुनी खोड आहे, आणि तिच्यामागचा विचार समजण्यासारखा आहे: मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना पाणी सतत फिरत राहिले तर इंजिन थंड राहील, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडू लागतो आणि इंजिन आणखी तापले की पूर्ण उघडाच राहतो, म्हणजे उन्हाळ्यात तो अडथळा नसतोच. तो नसला की थंडीत इंजिन अर्धवट तापलेल्या अवस्थेत चालते, डिझेल नीट जळत नाही, काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते आणि लिटरमागे किलोमीटर कमी होतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट बायपासचा मार्गही बंद करत असतो. तो काढल्यावर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटर टाळून पुन्हा इंजिनातच फिरतो आणि इंजिन उलट जास्त तापते. तेव्हा नवा थर्मोस्टॅट आणि नवे पॅकिंग बसवा. बसवण्याआधी तो दोऱ्याला बांधून पाण्याच्या भांड्यात लोंबकळता ठेवा, पाणी तापवा आणि तो उघडताना डोळ्यांनी पाहा.

मूळ तापण्याचे कारण मात्र शोधलेच पाहिजे, नाहीतर पुढच्या एप्रिलमध्ये तुम्ही पुन्हा तेथेच याल. मराठवाड्यात रेडिएटरचा पहिला शत्रू बोअरचे पाणी. आपल्याकडच्या बहुतेक बोअरचे पाणी इतके क्षारयुक्त असते की पाणी तापवण्याच्या हंड्यात जसा पांढरा थर जमतो, तसाच तो इंजिनाच्या पाण्याच्या मार्गात आणि रेडिएटरच्या नळ्यांत जमतो. दर आठवड्याला बादलीतले पाणी ‘टॉप अप’ करणारी गाडी दर आठवड्याला थोडे क्षार आत घेते. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळूनच वापरावा किंवा तयार मिश्रण घ्यावे. निम्मे-निम्मे प्रमाण आपल्या भागासाठी योग्य आहे, कारण त्याचा उपयोग गोठण रोखण्यापेक्षा गंज थांबवण्यासाठी आणि उकळबिंदू वाढवण्यासाठी होतो. थर जमलेला तांब्या-पितळेचा रेडिएटर चांगल्या कारागिराकडून टाक्या उघडून रॉडिंग (नळ्यांत सळी घालून सफाई) करून घेता येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीचा आणि प्लास्टिकच्या टाकीचा असेल तर तीव्र आम्लाने धुण्याच्या फंदात न पडता बदलणे बरे.

दुसरे कारण बाहेरून असते. सोयाबीनच्या मळणीचे भूस, कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत साचते. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते. मधली फट टॉर्चच्या उजेडात वरून पाहावी आणि इंजिनाच्या बाजूने पुढे, साध्या नळाच्या धारेने धुवावी. मोठ्या दाबाच्या धारेने पाती वाकतात. रेडिएटरच्या झाकणाचे रबर चिरलेले असेल तर दाब राहत नाही आणि पाणी लवकर उकळते. हे सगळे ठीक असूनही थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरात वरची होज दगडासारखी टणक होत असेल आणि पाण्याच्या टाकीत बुडबुडे येत राहत असतील, तर ज्वलनाचा वायू पाण्यात जातो आहे, म्हणजे हेड पॅकिंग. तेथे घरचा उपाय संपला. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये हे सर्वांना माहीत असते आणि तरीही दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी भाजतोच.

अ‍ॅव्हरेज घटण्याचे दुसरे कारण एअर फिल्टर. वाळलेल्या काळ्या मातीची धूळ फार बारीक असते. फिल्टर दर पाच हजार किलोमीटरला पाहावा. कॉम्प्रेसरची हवा बाहेरून आत मारली तर धूळ कागदात अधिक खोल बसते, म्हणून आतून बाहेर आणि दुरून मारावी, किंवा सरळ बदलावा. फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाच्या आत स्वच्छ बोट फिरवून पाहा. बोटाला तेलकट काळेपणा लागणे स्वाभाविक आहे, पण खरखरीत करडी धूळ लागली तर फिल्टरच्या कडेचे रबर बसत नाही किंवा पाइप फाटला आहे. ही धूळ पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या आतल्या भिंती घासून टाकते. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबली जाण्याचे प्रमाण, उतरते आणि सकाळी गाडी सुरू न होण्याला पुढे जे कायमचे कारण मिळते, ते प्रायमर दाबून जात नाही. कॉम्प्रेशनचा साधा अंदाज घ्यायचा तर गरम इंजिन मंद गतीवर ठेवून ऑइल भरण्याचे झाकण सैल करून नुसते ठेवा. ते किंचित थरथरले तर ठीक. उडू लागले आणि धुराचे लोट आले तर रिंगा झिजल्या आहेत.

ऑइल दर पाच-सहा हजारांना १५डब्ल्यू-४० श्रेणीचे, डिझेल इंजिनासाठीचेच वापरावे. बदलल्यावर दोन दिवसांत ते काळे होते म्हणून घाबरू नये. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. पट्टीवरची पातळी मात्र वाढत असेल तर डिझेल किंवा पाणी ऑइलमध्ये मिसळते आहे. जुने ऑइल बांधावर, विहिरीजवळ किंवा नालीत ओतू नये. वापरलेले ऑइल घेणारे लोक गॅरेजांकडे येत असतात.

ब्रेकविषयी विचारलेले नाही, तरी डिझेल गाडीत ते इंजिनाशीच जोडलेले आहेत म्हणून सांगतो. पेट्रोल इंजिनाप्रमाणे डिझेल इंजिनाच्या हवेच्या मार्गात निर्वात तयार होत नाही. पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरला लागणारा निर्वात वेगळ्या पंपाकडून मिळतो आणि बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. त्याच्या ऑइलच्या नळीचे सील गेले की ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरते, चार्जिंग बिघडते आणि ब्रेक पेडल कडक होते. त्यामुळे चार्जिंग कमी आणि ब्रेक जड ही दोन लक्षणे एकत्र दिसली तर एकाच जागी पाहावे. डिझेल वाचवण्यासाठी कन्नड घाटात इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे अजूनही भेटतात. बूस्टरमधला साठा दोन-तीन ब्रेकमध्ये संपतो आणि पुढचे वळण मग नुसत्या पायाच्या जोरावर घ्यावे लागते.

टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला याची नोंद तुमच्याकडे नसेल तर तो बदललेलाच नाही असे समजा. बेल्ट किलोमीटरवर आणि वयावर, दोन्हींवर म्हातारा होतो, आणि तुटण्याआधी आवाज करीलच असे नाही. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप त्याच वेळी बदलावेत, कारण वॉटर पंप गळला तर सगळे पुन्हा उघडावे लागते. हे काम घरी करणे अशक्य नाही, पण खुणा जुळवल्यानंतर क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत जुळतात हे पाहिल्याशिवाय किल्लीला हात लावू नये. पहिला बेल्ट अनुभवी माणसाच्या शेजारी उभे राहून बसवावा.

गाडीखाली जाण्याबाबत: काळ्या मातीच्या अंगणात जॅक रुततो आणि उन्हाळ्यात भेगांवर तिरका होतो. खाली जाड लाकडी फळी घ्या, स्टँड लावा, चाकांच्या पुढे-मागे दगडाची उटी लावा. विटांवर ठेवलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. वीट इशारा न देता फुटते.

येथे सांगितलेले बरेचसे जुन्या यांत्रिक पंपांच्या गाड्यांना लागू आहे. घरात कॉमन रेल इंजिनाची स्विफ्ट किंवा इनोव्हा असेल तर एक गोष्ट बदलते. जुन्या इंजिनात कोणता सिलिंडर काम करत नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर नोझलच्या पाइपाचे नट एकेक करून सैल करतात. कॉमन रेलमध्ये तसे करणे जीवघेणे आहे, कारण पाइपात हजार बारपेक्षाही जास्त दाब असू शकतो. आणि कोणत्याही डिझेल गाडीत फवाऱ्याची गळती हाताने चाचपू नये. सुईसारखी धार कातडीतून आत जाते, वरून बारीक टोचल्यासारखे दिसते, पण आतले मांस सडू लागते. असे झाले तर दुखत नसले तरी लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि डिझेल आत गेले आहे हे स्पष्ट सांगावे. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो.

आता पुन्हा पंपाकडे. रिटर्नच्या नळ्या, हीटर प्लग, अर्थिंग आणि थर्मोस्टॅट हे सगळे झाल्यावरही सकाळचा त्रास राहिला, तर आधी फक्त नोझल काढून तपासायला द्या. अशा इंजिनाचा नोझल साधारण १२० ते १५० बार दाबाला उघडतो. हँड टेस्टरवर तो कितीला उघडतो, फवारा धुक्यासारखा येतो की धारेसारखा, आणि टोकाला थेंब राहतो का, हे तुमच्या समोर पाहून घ्या. बसवताना खालचे उष्णतारोधक वॉशर नवेच घालावेत. पंप, ज्याला आपल्याकडे अनेक जण आजही ‘मायकोचा पंप’ म्हणतात (मायको हे बॉश कंपनीचे भारतातले जुने नाव), घरी उघडू नये. त्यातील भागांची जुळणी मायक्रॉनमध्ये असते आणि टेस्ट बेंचशिवाय तो लावता येत नाही. उतरवण्याआधी पंप आणि इंजिन यांच्या सांध्यावर छिन्नीने आडवी खूण करा, म्हणजे परत बसवताना टायमिंग निदान मूळ जागेजवळ येईल. अंतिम टायमिंग डायल गेजनेच लावून घ्यावे. बेंचवर दिल्यावर डिझेलच्या मापाचे आधीचे आणि नंतरचे आकडे लेखी मागा. आधीचे आकडेच मर्यादेत निघाले, तर पंप न उघडता तसाच परत आणा.